तरंगणारी खडी: हलक्या काँक्रीटच्या मोजणीमागची पार्श्वभूमी

पुण्यातल्या साइटवर खडी म्हणजे क्रशरवरून आलेला काळा बेसाल्ट. त्याचं विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या कितीपट जड ते) २.८ च्या आसपास, तर भोवतीच्या सिमेंट-वाळूच्या मसाल्याचं साधारण २.२. म्हणून माल पातळ झाला किंवा व्हायब्रेटर एकाच जागी फार वेळ धरला, की खडी खाली बसते आणि वर नुसती स्लरी उरते. हे कुठलाही मिस्त्री सांगेल. हलक्या काँक्रीटमध्ये गणित उलटं होतं. भाजून फुगवलेल्या मातीचे गोळे मसाल्यापेक्षा हलके, त्यामुळे ते वर येतात. वरून थापी फिरली की पृष्ठभाग सारखा दिसतो, आणि खालचा भाग नुसत्या मसाल्याचा, म्हणजे जड आणि जास्त आकसणारा राहतो. खडी अशी किती वेगळी झाली, ते मोजायची रीत कुठून आली त्याची ही गोष्ट.

हलकं काँक्रीट काही नवं नाही. रोमच्या पँथिऑनचा सुमारे ४३ मीटर व्यासाचा घुमट इ. स. १२५ च्या सुमाराचा. त्याच्या माथ्याकडे हलका प्युमिस दगड वापरला आहे. कारखान्यात बनवलेली हलकी खडी मात्र विसाव्या शतकातली. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या स्टीफन हेड यांनी भट्टीत शेल (पापुद्र्यांचा चिकणमातीचा खडक) फुगवून खडी करायचं पेटंट १९१८ साली मिळवलं आणि पुढच्याच वर्षी अशा काँक्रीटचं 'सेल्मा' हे तेलवाहू जहाज पाण्यात उतरलं. वजन वाचलं, पण खडी आत कशी पसरली हे बघायची सोय तेव्हा काँक्रीटवाल्यांकडे नव्हती.

ती सोय आधीच तयार होती, फक्त भूवैज्ञानिकांकडे. फ्रान्सच्या देलेस यांनी १८४७ मध्ये दाखवलं, की खडकाच्या कापावर एखाद्या खनिजाने जेवढा टक्का जागा व्यापली, सरासरीने तेवढाच त्याचा घनफळातला वाटा. १८९८ मध्ये रोझीवाल यांनी क्षेत्रफळाऐवजी कापावर आखलेल्या रेषांची खनिजावर पडलेली लांबी मोजली, १९३३ मध्ये ग्लागोलेव यांनी खनिजावर पडलेले ठिपके. काँक्रीटवाल्यांनी ही रीत हवेचे बुडबुडे मोजायला उचलली. सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास डोळे फोडायचं काम होतं ते. नंतर स्कॅनर आणि संगणक आले. चित्रातल्या कुठल्या करड्या छटेपर्यंत एक पदार्थ आणि कुठून दुसरा, ही सीमा आपोआप ठरवण्याची ओत्सू यांची १९७९ ची पद्धत आजही बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आहे.

खडी वेगळी होण्याची धास्ती खरी वाढली ती १९८८ मध्ये जपानमध्ये व्हायब्रेटरशिवाय स्वतः पसरणारं, पातळ काँक्रीट तयार झाल्यावर. ओल्या मालासाठी स्तंभ-चाचणी आली: उभ्या नळकांड्यात माल ओतायचा, थोडा वेळ थांबायचं, वरचा आणि खालचा भाग चाळणीवर धुऊन खडी तोलायची. पण काँक्रीट कडक झाल्यावर धुणार काय? तिथे कापच घ्यावा लागतो. १५० बाय ३०० मिलिमीटरचा सिलिंडर डायमंड ब्लेडने उभा चिरतात, घासतात, साध्या स्कॅनरवर ठेवतात. चित्राचे आडवे पट्टे पाडून प्रत्येकातला खडीचा टक्का काढतात. वरच्या आणि खालच्या पट्ट्यांतली तफावत म्हणजेच खडी किती वेगळी झाली त्याचं माप.

माझ्या मते इथे एक गफलत सर्रास होते. एकच काप घेऊन निकाल देतात. देलेसचं तत्त्व सरासरीचं आहे. एक काप म्हणजे सरासरी नव्हे. शिवाय १२ मिलिमीटरचा गोळा मधोमध कापला जाईलच असं नाही, त्यामुळे चित्रात तो लहान दिसतो. त्या आकाराची चाळणीच्या मापाशी थेट तुलना करून चालत नाही.

आपल्याकडची अडचण रंगाची. तपकिरी फुगीर माती करड्या मसाल्यात उठून दिसते. औष्णिक केंद्राच्या राखेपासून भाजलेल्या गोळ्यांना भारतीय मानक आयएस ९१४२ च्या दुसऱ्या भागात २०१८ साली जागा मिळाली खरी, पण ते करडेच, त्यामुळे संगणक गोंधळतो. मग कापावर फिनॉल्फ्थॅलीन (अल्कधर्मी पदार्थावर गुलाबी होणारं रसायन) मारतात. मसाला गुलाबी होतो, खडी बहुतांशी तशीच राहते. जुन्या इमारतीतून काढलेल्या कोअरमध्ये (गोल ड्रिलने कापून काढलेल्या दंडगोल नमुन्यात) मात्र बाहेरच्या थराचा अल्कधर्मीपणा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने गेलेला असतो. त्यावर गुलाबी रंग चढत नाही. तो थर आधी वगळला नाही, तर संगणक सगळाच खडी म्हणून मोजून मोकळा होतो.