एचआयव्हीला दारातच चकवा: सीडी४ ते ईसीडी४-आयजी

२०१५ मधे एचआयव्हीला अडवणाऱ्या ईसीडी४-आयजी नावाच्या प्रोटीनची बातमी आली तेव्हा बऱ्याच जणांना ते एकदम नवीन वाटलं, पण मूळ कल्पना तेव्हा पंचवीसेक वर्षं जुनी होती आणि एकदा सपशेल आपटलेली होती. ती का आपटली हे कळलं की पुढचं सगळं आपोआप उलगडतं, म्हणून आधी तिथूनच सुरू करतो.

१९८४ ला पॅरिस आणि लंडनच्या दोन टीमनी दाखवलं की एचआयव्ही रोगप्रतिकारशक्तीतल्या टी पेशीवरच्या सीडी४ या प्रोटीनला धरूनच आत शिरतो. विषाणूच्या अंगावरचं जीपी१२० हे प्रोटीन जाऊन सीडी४ला चिकटतं. मग साहजिकच डोक्यात आलं, सीडी४चा पेशीबाहेर असलेला भाग तेवढा वेगळा बनवून रक्तात सोडला तर विषाणू त्यालाच चिकटून बसेल आणि खऱ्या पेशी वाचतील. १९८७-८८ मधे बऱ्याच ग्रुपनी असं विरघळणारं सीडी४ बनवलं, लॅबमधे ते जबरदस्त चाललं आणि लगेच पेशंटवर ट्रायल पण सुरू झाल्या. तेव्हा हातात औषध म्हणजे एकटं एझेडटी, माणसं डोळ्यांदेखत जात होती, त्यामुळे झालेल्या घाईबद्दल मला कुणालाच दोष द्यावासा वाटत नाही.

पेशंटमधे मात्र काहीच खास फरक पडेना. प्रोटीन रक्तातून फार पटकन निघून जायचं हे एक झालं, पण खरी गोम वेगळीच होती. १९९० मधे एड्सवर काम करणारे संशोधक डेव्हिड हो यांच्या टीमनी पेशंटच्या रक्तातून थेट काढलेले विषाणू तपासले तर त्यांना थोपवायला लॅबमधल्या विषाणूंपेक्षा २०० ते २७०० पट जास्त सीडी४ लागत होतं! लॅबमधे पिढ्यानपिढ्या वाढवलेला विषाणू ढिला पडलेला असतो, माणसातल्या विषाणूचं जीपी१२० घट्ट मिटलेलं असतं आणि सीडी४ची जागा सहज हाती लागत नाही. म्हणजे इतके दिवस सगळे भलत्याच विषाणूशी लढत होते. सीडी४ला अँटीबॉडीची शेपटी जोडून ते रक्तात जास्त टिकवायचा प्रयत्न १९८९ लाच झाला होता, पण पकड कमी ती कमीच.

१९९६ ला कळलं की एकट्या सीडी४वर भागत नाही, विषाणूला दुसरं प्रोटीन पण लागतं, बहुतेक वेळा सीसीआर५. दरम्यान ड्यूक युनिव्हर्सिटीत वेगळीच वाट सापडली होती, विषाणूच्याच जीपी४१ या दुसऱ्या प्रोटीनचा ३६ अमिनो आम्लांचा तुकडा घेऊन पेशीशी एकजीव व्हायची त्याची शेवटची पायरीच अडवायची. तेच एन्फुव्हर्टाइड, २००३ ला अमेरिकेत मंजूर झालेलं, आत शिरणं रोखणारं पहिलं औषध. पण रोज दोन इंजेक्शनं आणि जवळजवळ प्रत्येकाला टोचल्या जागी गाठी, सूज. बाकी औषधं चालेनाशी झालेल्या लोकांनी हे सोसून घेतलं.

सीडी४च्या जुन्या कल्पनेत जीव आला तो मायकल फर्झान या संशोधकामुळे. १९९९ ला त्यांनी दाखवलं होतं की सीसीआर५च्या टोकाला टायरोसिन या अमिनो आम्लावर सल्फेट लागलेलं असतं आणि विषाणूची पकड बरीचशी त्यावरच असते. मग त्यांच्या टीमनी तसलाच सल्फेटवाला छोटा तुकडा शेपटीवाल्या सीडी४ला जोडला, तेच ईसीडी४-आयजी. सीडी४ चिकटलं की जीपी१२० उघडतं, दुसऱ्या प्रोटीनची जागा मोकळी होते, आणि तिथे हा तुकडा बसतो. एकाच रेणूत दोन्ही दारांचा चकवा! यातून निसटायचं तर विषाणूला स्वतःची आत शिरायची वाटच बिघडवावी लागते, म्हणून ते त्याला महागात पडतं. एएव्ही या निरुपद्रवी विषाणूतून याचं जीन चार माकडांच्या स्नायूत टोचलं, त्यांच्या शरीरातच प्रोटीन तयार होत राहिलं, आणि पुन्हापुन्हा संसर्ग द्यायचा प्रयत्न करूनही चारही वाचली.

माणसात आणताना धास्ती वाटते ती याच टोचण्याची. गोळी बंद करता येते, इंजेक्शन थांबवता येतं, पण स्नायूत गेलेलं जीन परत काढता येत नाही, मग त्या प्रोटीनचा त्रास झाला तर काय करणार?