चकाकीखालची ओल : कोल्हापुरातील गॅरेजच्या जमिनीची पार्श्वभूमी

कोल्हापुरातील नव्या बंगल्यांच्या गॅरेजमध्ये इपॉक्सी या कृत्रिम राळेचा थर दिलेल्या करड्या, चकचकीत जमिनी दिसू लागल्या आहेत, आणि त्यांपैकी काहींना एक-दोन पावसाळ्यांतच फोड येऊन पापुद्रे सुटतात. दोष बहुधा रंगाला दिला जातो. माझ्या मते त्याचे मूळ थराखालच्या काँक्रीटमध्ये आणि जमीन करण्याच्या आपल्या बदलत गेलेल्या पद्धतींमध्ये आहे.

मुरूम चोपून शेणाने सारवलेली जमीन किंवा सांधे ठेवून बसवलेली शहाबादी फरशी खालची ओल अडवत नसे. ती वर येई आणि हवेत विरून जाई. १८२४ मध्ये इंग्लंडात जोसेफ ॲस्पडिन यांनी ज्याचे पेटंट घेतले ते पोर्टलंड सिमेंट पुढे आपल्याकडे रुळले आणि कोबा आला. कोब्यावर पाणी शिंपडून, वर आलेली सिमेंटची साय थापीने घोटून गुळगुळीत करणे ही गवंड्याच्या हाताची कसोटी मानली गेली. ती जमीन उघडीच वापरायची होती, म्हणून ते योग्यही होते. पण हीच साय ठिसूळ असते, आणि वर दिलेला थर सुटतो तेव्हा पुष्कळदा तिलाच घेऊन सुटतो.

इपॉक्सी मुळात जमिनीसाठी जन्मलेले नाही. १९३० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्टान हे कृत्रिम दातांसाठी साहित्य शोधत असताना या राळेपर्यंत पोहोचले, आणि १९४६ मध्ये ती बाझलच्या प्रदर्शनात चिकटद्रव्य म्हणून लोकांसमोर आली. राळ आणि कठीणक यांच्या रासायनिक क्रियेतून घट्ट होणारा हा पदार्थ तेलाला दाद देत नाही, म्हणून कारखान्यांनी तो जमिनीसाठी स्वीकारला. उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील यंत्रशाळांवर वाढलेल्या या शहराला तेलाने माखणाऱ्या जमिनीचे दुखणे वेगळे सांगायला नको.

घरच्या गॅरेजमध्ये मात्र दोन गोष्टींची भर पडते. प्रवासाहून आलेल्या गाडीचे तापलेले टायर पातळ किंवा कच्च्या थराला मऊ करतात, आणि निवताना आकसून तो उचलतात. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ओल धरणारी काळी माती आणि पंचगंगेचा पूर या दोहोंमुळे जोत्याखाली पाणी राहते. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत तर ते कित्येक घरांच्या तळमजल्यात शिरले. काँक्रीटखाली पॉलिथीनचा जाड कागद अंथरलेला नसेल, तर ही ओल वाफेच्या रूपाने वर येते, आणि वाट बंद झालेली पाहून थरालाच ढकलते.

म्हणून थर टिकवायचा असेल, तर पैसा प्रथम यंत्राने साय घासून काढण्यावर खर्च व्हावा. नवे काँक्रीट निदान २८ दिवस मुरू द्यावे. मात्र तेवढ्याने ते कोरडे झाले असे धरू नये. दीड फूट लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी पट्टीने चिकटवून किमान सोळा तास ठेवावा, आणि त्याखाली दव किंवा काळपट डाग दिसल्यास काम थांबवावे. ही चाचणी मे महिन्यात कोरडी आली म्हणून निर्धास्त होण्यात अर्थ नाही, कारण त्याच जमिनीखाली ऑगस्टमध्ये पाणी चढलेले असते. शक्य असल्यास ती पावसाळा सरतानाही करून पाहावी.