लिटर मोजून अश्वशक्ती कळत नाही

इंजिन किती सीसीचे आहे हे कळले की गाडीची ताकद कळली, अशी समजूत आपल्याकडे पक्की आहे. ती तपासून पाहायची तर अमेरिकेतील डॉज चॅलेंजर या मसल कारच्या निरनिराळ्या आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवाव्यात. ५.७ लिटरच्या व्ही-८ इंजिनाची चॅलेंजर मॅन्युअल गिअरबॉक्ससह ३७५ अश्वशक्ती देत असे आणि ६.४ लिटरची ४८५; इथपर्यंत समजूत टिकते. परंतु २०१५ च्या हेलकॅट या आवृत्तीचे इंजिन ६.२ लिटरचे, म्हणजे ६.४ पेक्षा लहान असूनही तिची शक्ती ७०७ अश्वशक्ती होती. २०१८ च्या डीमनने तेवढ्याच ६.२ लिटरमधून पंपावरच्या पेट्रोलवर ८०८ अश्वशक्ती काढली आणि २०२३ च्या डीमन १७० ने इथेनॉलमिश्रित इंधनावर १,०२५.

इंजिनाची खरी मर्यादा इंधनाची नसते, हवेची असते. इंधन हवे तितके फवारता येते, पण ते जाळायला लागणारा ऑक्सिजन सिलिंडरमध्ये पिस्टनच्या हालचालीने जेवढा ओढला जाईल तेवढाच मिळतो. ६.४ लिटरचे इंजिन हवा अशी नुसती ओढून घेते. हेलकॅटमध्ये मात्र क्रँकशाफ्टवरच्या, म्हणजे पिस्टननी फिरणाऱ्या मुख्य दांड्यावरच्या, पट्ट्याने फिरणारा सुपरचार्जर आहे. त्यातील एकमेकांत गुंतलेले दोन स्क्रू हवा पकडतात, दाबतात आणि सिलिंडरांकडे ढकलतात. हा जादा दाब ११.६ पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) असतो. वातावरणाचा स्वतःचा दाब १४.७ पीएसआय धरला तर एकूण दाब २६.३, म्हणजे वातावरणाच्या सुमारे १.८ पट झाला. तापमान वाढले नसते तर या ६.२ लिटरच्या इंजिनात ११ लिटरच्या इंजिनाइतकी हवा शिरली असती.

आता एक ढोबळ हिशेब करून पाहू. ६.४ लिटरमधून ४८५ अश्वशक्ती मिळते, म्हणून त्याच दराने ६.२ लिटरमधून सुमारे ४७० मिळायला हवी आणि तिला १.८ ने गुणले की ८४० च्या आसपास आकडा येतो. प्रत्यक्षात मिळतात ७०७. उरलेली शक्ती कुठे गेली, हा या विषयातला सर्वांत सुंदर प्रश्न आहे असे मला वाटते. तिचा एक मोठा भाग, पूर्ण वेगात सुमारे ८० अश्वशक्ती, सुपरचार्जर फिरवण्यातच खर्च होतो. बाकीची तूट उष्णतेमुळे येते.

वायू दाबला की तापतो. सायकलच्या पंपाचे तोंड हवा भरताना गरम होते ते यामुळेच. २७ अंश सेल्सिअसची हवा १.८ पट दाबाला नेली, तर आदर्श यंत्रातसुद्धा तिचे तापमान ८० अंशांच्या वर जाते आणि खऱ्या यंत्रात आणखी वर. गरम हवा विरळ असते, त्यामुळे दाब वाढवून जे कमावले त्यातले काही परत जाते. म्हणून सुपरचार्जर आणि सिलिंडर यांच्यामध्ये पाण्याने थंड होणारे इंटरकूलर बसवतात. डीमनमध्ये तर हे पाणी आणखी गार करण्यासाठी गाडीच्या एसीचे रेफ्रिजरंट वापरण्याची सोय केली होती.

विरळपणापेक्षा मोठा धोका नॉकिंगचा असतो. तापलेले आणि दाबलेले मिश्रण, स्पार्कची ज्योत पोहोचण्याआधीच, एखाद्या कोपऱ्यात आपोआप पेटते, दाबाच्या लाटा उठतात आणि पिस्टन फुटण्यापर्यंत मजल जाते. ते टाळण्यासाठी हेलकॅटचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन मिश्रणाला किती पट लहान जागेत दाबतो ते प्रमाण, ९.५ ठेवला आहे, तर ६.४ लिटरच्या इंजिनाचा १०.९ आहे. कॉम्प्रेशन कमी म्हणजे त्याच इंधनातून मिळणारे काम कमी, म्हणून वरच्या हिशेबातील तुटीचा आणखी एक भाग इथे जातो.

डीमन १७० मध्ये जादा दाब २१.३ पीएसआयपर्यंत नेला आणि १,०२५ अश्वशक्तीचा आकडा ई८५ या, ८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेल्या इंधनावर मिळवला. हीच गाडी १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर ९०० अश्वशक्ती देते. हे प्रथमदर्शनी उलटे वाटते, कारण एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या जेमतेम दोन तृतीयांश ऊर्जा असते. पण मर्यादा हवेची आहे हे लक्षात ठेवले की कोडे सुटते. एक किलो पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला फक्त ९ किलो. त्यामुळे एक किलो हवेमागे मिळणारी ऊर्जा दोन्ही इंधनांत जवळजवळ सारखीच, ३ मेगाज्यूलच्या आसपास पडते. खरा फायदा बाष्पीभवनात आहे. इथेनॉलचे बाष्पीभवन होताना प्रति किलो पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषली जाते, आणि त्याच हवेसाठी ते वजनाने दीडपटीहून जास्त फवारावे लागते. म्हणून प्रत्येक किलो हवेमागे मिळणारा थंडावा साधारण चौपट होतो. इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे नॉकिंगला विरोध करण्याची क्षमता, मुळातच जास्त असल्याने नॉकिंग आणखी दूर जाते. इंधनातील इथेनॉलचे प्रमाण ओळखून संगणक फवारा आणि स्पार्कची वेळ बदलतो, आणि एवढा दाब सोसता येतो.

आपल्याकडे ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचे, पेट्रोल आल्यापासून इथेनॉलबद्दल दोन्ही टोकांचे दावे ऐकू येतात. मायलेज थोडे कमी होते ही तक्रार लिटरमागील ऊर्जेच्या हिशेबाने योग्यच आहे; पण इथेनॉल म्हणजे मुळातच अशक्त इंधन, हे खरे नाही. तसेच महागडे जास्त ऑक्टेनचे पेट्रोल भरले की साध्या गाडीची ताकद वाढते हाही प्रचार आहे. ऑक्टेन म्हणजे नॉकिंगला विरोध, ऊर्जा नव्हे. शर्यतीच्या १०० ऑक्टेन इंधनावर डीमन ८०८ वरून ८४० वर जात असे, कारण तिचा संगणक त्यासाठीच आखलेला होता. ज्या इंजिनाला नॉकिंगचा धोकाच नाही, त्याला ते टाळण्याच्या क्षमतेचा उपयोग नाही.

जुन्या गाड्यांशी तुलना करताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. १९७० च्या चॅलेंजरमधील ७ लिटरच्या हेमी इंजिनाची ४२५ अश्वशक्ती ग्रॉस पद्धतीने, म्हणजे सायलेन्सर, एअर फिल्टर वगैरे जोडण्या काढून चाचणीच्या स्टँडवर मोजलेली होती. १९७२ पासून अमेरिकेतील कंपन्या गाडीत बसवल्यावर असतात तशा जोडण्यांसह, नेट पद्धतीने आकडे देऊ लागल्या. १९७१ च्या शेव्हर्ले कॅमेरो झेड२८ साठी दोन्ही आकडे उपलब्ध आहेत: त्याच इंजिनाची शक्ती ग्रॉस पद्धतीने ३३० अश्वशक्ती आणि नेट पद्धतीने २७५.