२२० पाने आणि दहा आकडे

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार असो की डिचोलीचा बसस्टँड, मटक्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "सात बरेच दिवस बंद आहे, आता फुटणारच." म्हणजे सात बरेच दिवस आलेला नाही, आता येणारच. १९७६च्या जुगारविरोधी कायद्यामुळे गोव्यात मटका बेकायदा आहे. तरीही आलेल्या आकड्यांचे चार्ट ठेवणारे, सातचा 'कट' (पाचने पुढचा आकडा) दोन म्हणून दोनावरही लावणारे लोक गावोगावी आहेत. ही माणसं हिशेबाला कच्ची नसतात. म्हणूनच त्यांच्या खेळाच्या पोटात दडलेलं एक देखणं गणित त्यांच्यापुढे मांडावंसं वाटतं.

मटका मूळचा मुंबईचा. न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या भावांवर तिथे सट्टा चाले. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ते भाव येणं थांबलं आणि मडक्यातून आकड्यांच्या चिठ्ठ्या काढणं सुरू झालं. रीत अशी: ० ते ९ मधले तीन अंक काढायचे, चढत्या क्रमाने लावायचे, की झाला पाना. त्यांच्या बेरजेचा शेवटचा अंक म्हणजे ओपन. २, ६, ९ आले तर बेरीज १७, ओपन सात. पुन्हा तसंच केलं की क्लोज, आणि दोन्ही मिळून जोडी.

आता पाने मोजू. तिन्ही अंक वेगळे असलेले सिंगल पाने १२०, दोन अंक सारखे असलेले डबल ९०, तिन्ही सारखे असलेले ट्रिपल १०. एकूण २२०. यांची शक्यता मात्र सारखी नाही. २-६-९ हा पाना सहा क्रमांनी येऊ शकतो, २-२-६ तीन क्रमांनी, २-२-२ एकाच क्रमाने. असे एकूण क्रम १०००.

या २२० पान्यांची वाटणी ओपनप्रमाणे केली तर प्रत्येक आकड्याच्या वाट्याला १२ सिंगल, ९ डबल आणि १ ट्रिपल पाना येतो. सातलाही तेवढेच, शून्यालाही तेवढेच. क्रमांचा हिशेब करा: १२ गुणिले ६ म्हणजे ७२, ९ गुणिले ३ म्हणजे २७, वर १. बेरीज बरोबर १००. हजारात शंभर, म्हणजे दहात एक! मला हे गणित फार सुंदर वाटतं.

कोणी म्हणेल, चिठ्ठ्यांऐवजी पत्ते काढले तर? एक्का ते दश्शी असे ४० पत्ते घ्या, दश्शीला शून्य माना आणि तीन पत्ते परत न ठेवता काढा. आता मनातल्या मनात प्रत्येक पत्त्याचा अंक एकाने वाढवा, नऊनंतर शून्य. पत्त्यांचा कॅट होता तसाच राहतो, कारण प्रत्येक अंकाचे चारच पत्ते आहेत. पण बेरजेचा शेवटचा अंक तीनने पुढे सरकतो. पुन्हा वाढवा, पुन्हा तीनने. ०, ३, ६, ९, २, ५, ८, १, ४, ७ आणि परत ०. दहाही आकड्यांना स्पर्श झाला. कॅट तोच, म्हणून शक्यताही तीच, म्हणजे दहाही आकडे समसमान. इथे कागद-पेन घेऊन बसावं लागेल, पण बसाच.

मग 'बंद' आकड्याचं काय? सलग वीस ओपन पाहिले तर ठरावीक एक आकडा त्यांत एकदाही न येण्याची शक्यता सुमारे १२ टक्के. पण दहांपैकी निदान एक तरी आकडा गायब असण्याची शक्यता तब्बल ७८.५ टक्के. म्हणजे 'बंद' आकडा चार्टात बहुतेक वेळा सापडणारच. मडक्याला मात्र कालचं काही आठवत नाही, आणि उद्याही सातची शक्यता दहात एकच.

भाव पाहिला तर एका आकड्यावर रुपयाला नऊ, जोडीवर नव्वद असा सर्रास चालतो. शक्यता दहात एक आणि शंभरात एक. कुठलाही आकडा निवडा, दर रुपयामागे सरासरी दहा पैसे गेलेच. हेही सोडत प्रामाणिक धरून. लावलेल्या रकमा पाहून आकडा काढला जात असेल, तर ज्या आकड्यावर सगळे तुटून पडतात तोच सर्वांत वाईट.

स्वप्नात साप दिसला म्हणून आकडा लावणं, अपघातातल्या गाडीचा नंबर टिपून घेणं, आकडा देणाऱ्या बाबाच्या पाया पडणं, या गोष्टींनी वरच्या हिशेबातला एक पैसाही हलत नाही. त्याहून घातक वाटतात ते मोबाइलवरून 'फिक्स आकडा' विकणारे. त्यांना भविष्य कळण्याची गरजच नसते. हजार जणांचे दहा गट करायचे आणि प्रत्येक गटाला वेगळा आकडा फुकट पाठवायचा. शंभर जणांचा बरोबर येतो. दुसऱ्या दिवशी त्या शंभरांतल्या दहांचा, तिसऱ्या दिवशी एकाचा. त्या एकाने सलग तीन दिवस डोळ्यांदेखत खरा आकडा पाहिलेला असतो. बाकीचे ९९९ त्याला कधी भेटत नाहीत आणि चौथ्या दिवशी पैसे मागणारा मेसेज त्यालाच येतो.