रुपया, आणा, पैसा

आमच्या शेजारच्या काकू सोलापूरच्या पूर्व भागातल्या, यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेल्या. दोन वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. परवा छातीच्या सीटीत दोन ठिपके दिसले आणि डॉक्टरांनी पेट-सीटी सांगितला, म्हणजे पेट आणि सीटी ही दोन चित्रं एकत्र काढणारी तपासणी. काकू वैतागल्या. "मला शुगर हाय की! आन् हे म्हणतात साखर टोचून फुप्फुसं बघायची."

काकूंचा प्रश्न बरोबर जागी लागतो. टोचतात ती साखरच, फक्त तिच्यात एका जागी किरणोत्सारी फ्लोरिन-१८ बसवलेला असतो. पेशी तिला नेहमीचं ग्लुकोज समजून आत घेते, पहिली पायरी पार पाडते आणि मग अडते. पुढे पचवता येत नाही, बाहेरही टाकता येत नाही. कॅन्सरच्या पेशी साखरेला हपापलेल्या असतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकातच दाखवलं होतं. जिथं भूक जास्त, तिथं साठा जास्त. फ्लोरिनमधून निघालेला पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा धनभारित जुळा, लगेच एखाद्या इलेक्ट्रॉनला भिडतो, दोघंही नाहीसे होतात आणि दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना सुटतात. भोवतीचं यंत्र हे किरण एकाच क्षणी टिपतं आणि ते कुठून निघाले हे ठरवतं.

पण रक्तातली साखर आधीच चढलेली असेल तर खऱ्या साखरेच्या गर्दीत ही मागे पडते. ती साधारण २०० मिलिग्रॅमच्या आत असावी, असं बहुतेक ठिकाणी पाहतात. म्हणून उपाशीपोटी जायचं. आदल्या दिवशी सिद्धेश्वर तलावाच्या फेऱ्याही नकोत, नाहीतर दमलेले स्नायूच साखर ओढून घेतात. इंजेक्शननंतर तासभर गप्प पडून राहायचं. काकूंना हे सगळ्यात अवघड.

ठिपके फुप्फुसातच का? शरीरभर फिरून हृदयात परतलेलं रक्त आधी फुप्फुसातून जातं. तिथल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांच्या चाळणीत भरकटलेल्या पेशी अडकतात. हवेनं भरलेलं फुप्फुस पेटच्या चित्रात काळोखं दिसतं, त्यामुळे त्यातला उजेड चटकन नजरेत भरतो. अडचण श्वासाची आहे. सीटी काही सेकंदांत, श्वास रोखून होतो. पेटला एकेका टप्प्यावर काही मिनिटं लागतात, तेवढ्यात छाती कितीदा तरी वरखाली होते. छाती आणि पोट यांमधल्या पडद्याजवळचा बारीक ठिपका त्यात पुसट होतो. आठेक मिलिमीटरहून लहान गाठ कॅन्सरची असूनही उजळणार नाही, असं होऊ शकतं.

उलटंही घडतं, आणि आपल्याकडे तेच जास्त ध्यानात ठेवायला हवं. क्षयाशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशीही साखर ओरपतात. टीबीची गाठ कॅन्सरइतकीच झगझगीत दिसू शकते. रिपोर्टमधला 'हॉट स्पॉट' वाचून घरात रडारड सुरू होते ती मला म्हणूनच घाईची वाटते. यंत्र भूक दाखवतं, भूक कुणाची हे नाही. ते सुईनं काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली गेल्यावर कळतं.

या फ्लोरिनचं अर्धायुष्य ११० मिनिटं, दर तेवढ्या वेळात तो निम्मा होतो. म्हणजे तो साठवून ठेवता येत नाही, सायक्लोट्रॉन नावाच्या, अणूचे कण वेगानं आदळवणाऱ्या यंत्रात रोज ताजा करावा लागतो. समजा मुंबईहून सोळा आण्यांचा रुपया गाडीत ठेवला. सात-साडेसात तासांनी सोलापुरात त्यातला एक आणा पोचेल. सायक्लोट्रॉनपासून लांबच्या गावांना हा हिशेब पाठ असावा लागतो.

घरी आल्यावर काकूंची चिंता वेगळीच होती, नातवाला जवळ घेऊ की नको? आज लहानग्यांपासून जरा लांब राहा, असं तिथं सांगितलेलं. मी जुना हिशेब मांडला. सकाळी दहाला टोचलेला रुपया रात्री नऊपर्यंत सहा वेळा निम्मा होतो, चौसष्टावा भाग उरतो. लघवीवाटे गेला तो वेगळा.

"म्हंजे जुना एक पैसा," काकू म्हणाल्या, आणि घड्याळाकडं बघत बसल्या.