पार्श्वभूमी : जम्बो जेटला चार इंजिनं का लागली?

१९७१ साली एअर इंडियाचं पहिलं बोइंग ७४७ म्हणजेच जम्बो जेट, ‘एम्परर अशोक’, मुंबईत दाखल झालं. खिडक्यांभोवती राजवाड्याच्या झरोक्यांची नक्षी होती आणि आत दोन वाटा असलेली प्रशस्त केबिन. बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या माणसाला परदेशी जायचं तर मुंबई गाठावी लागे, त्यामुळे सीमाभागातही ‘जम्बो’ हा शब्द लवकर रुळला. आपलं बेळगावचं सांबरा विमानतळ १९४२ मधलं, ब्रिटिश हवाई दलानं युद्धकाळात बांधलेलं. आज तिथली धावपट्टी २,३०० मीटरची आहे. पूर्ण भरलेल्या जम्बोला मात्र उड्डाणासाठी तीन किलोमीटरच्या आसपास धावपट्टी लागते.

या विमानाची गोष्ट एका हुकलेल्या कंत्राटापासून सुरू होते. १९६५ मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या अजस्र मालवाहू विमानाचं काम बोइंगऐवजी लॉकहीडला मिळालं. पण त्या स्पर्धेमुळे नव्या धर्तीच्या मोठ्या इंजिनांचा विचार पुढे सरकला होता. त्याच सुमारास पॅन अ‍ॅम या अमेरिकी विमान कंपनीचे प्रमुख ह्वान ट्रिप यांना बोइंगच्याच आधीच्या ७०७ च्या दुपटीहून अधिक प्रवासी नेणारं विमान हवं होतं. एप्रिल १९६६ मध्ये त्यांनी २५ विमानांची, साडेबावन्न कोटी डॉलरची मागणी नोंदवली. बोइंगचे अभियंते जो सटर यांच्या हाताखाली आराखडा सुरू झाला, आणि अमेरिकेतल्या एव्हरेटचा बोइंग कारखाना उभा राहत असतानाच विमानही घडत होतं.

पुढची प्रवासी वाहतूक स्वनातीत, म्हणजे आवाजाहून वेगवान, विमानं करतील, असा तेव्हा सगळ्यांचा समज. मग ७४७ निदान मालवाहू म्हणून तरी चालावं, नाकाकडून उघडून माल भरता यावा, म्हणून वैमानिकांची केबिन वर चढवली. जम्बोचा तो ओळखीचा उंचवटा असा आला.

इंजिनं चार, कारण वजन सव्वातीनशे टनांच्या घरात आणि एका इंजिनाचा रेटा (विमान पुढे ढकलणारा जोर) जेमतेम वीस टन. शिवाय दोन इंजिनांच्या विमानानं, एक बंद पडलं तर, तासाभरात गाठता येईल अशा विमानतळाच्या टप्प्यातच राहावं, असा अमेरिकी नियम होता. त्यामुळे महासागरावरून सरळ जायचं तर दोन इंजिनं पुरत नव्हती.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या टर्नरला लगेच कळेल अशी अडचण पुढे आली. प्रॅट अँड व्हिटनी कंपनीनं ७४७ साठी बनवलेल्या जेटी९डी इंजिनाचं आवरण रेट्याखाली किंचित ओव्हल होई आणि फिरती पाती त्याला घासत. लेथवरून उतरलेला जॉब गोलाईत बसला नाही तर काय होतं, हे ज्यानं पाहिलंय त्याला यातलं गांभीर्य सांगायला नको. इथं तर तो जॉब माणसाच्या उंचीहून मोठा होता. रेट्याचा भार एकाच ठिकाणी न येता वाटला जावा म्हणून इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची चौकट बसवून उपाय केला गेला. तोवर एव्हरेटच्या मैदानात नवी विमानं इंजिनांअभावी उभी होती, आणि तोल जाऊ नये म्हणून पंखांना काँक्रीटची वजनं टांगलेली. कारखानदारीत याहून काळजाला भिडणारं चित्र मला तरी माहीत नाही.

पहिलं उड्डाण ९ फेब्रुवारी १९६९ ला झालं, प्रवासी सेवा जानेवारी १९७० मध्ये न्यूयॉर्क-लंडन मार्गावर सुरू झाली. पहिल्याच फेरीत इंजिन तापल्यानं विमान बदलावं लागलं.

भारतासाठी जम्बोशी दुःखही जोडलेलं आहे. ‘एम्परर अशोक’ १ जानेवारी १९७८ ला मुंबईहून निघताच समुद्रात कोसळलं, २१३ जण गेले. २३ जून १९८५ ला एअर इंडियाच्याच ‘कनिष्क’ या जम्बोमधल्या बॉम्बनं ३२९ जीव घेतले.

त्याच १९८५ मध्ये दोन इंजिनांच्या विमानांना दोन तासांच्या टप्प्याची मुभा मिळाली. इंजिनं भरवशाची आणि ताकदवान होत गेली, चार इंजिनांचं इंधन आणि देखभाल परवडेना. जानेवारी २०२३ मध्ये शेवटचं, १,५७४ वं ७४७ सुपूर्द झालं. हुक्केरी तालुक्यातल्या हत्तरगीच्या एरोस्पेस सेझमध्ये (विमानभागांच्या विशेष आर्थिक क्षेत्रात) आज एअरबस आणि बोइंगसाठी भाग बनतात, आणि या दोन्ही कंपन्या आता फक्त दोन इंजिनांचीच प्रवासी विमानं बांधतात.