झॅमरॉक ध्वनिमुद्रणे आणि त्यांचा पुनर्शोध

झॅमरॉक ही झांबियातील तरुण वाद्यवृंदांनी १९७० च्या दशकात घडविलेली रॉक संगीताची शैली होय. फझ (आवाज खरखरीत, फाटका करणारे उपकरण) व वाह-वाह (सूर उघडझाप झाल्यासारखा वळवणारे उपकरण) लावलेली इलेक्ट्रिक गिटार, सायकेडेलिक म्हणजे स्वप्नवत, भ्रमाचा आभास देणाऱ्या रॉकमधील लांबत जाणारे वादन, फंक या अमेरिकन कृष्णवर्णीय नृत्यसंगीताचा ठेका आणि स्थानिक लयी यांचा मेळ तिच्यात आढळतो. गीते इंग्रजीप्रमाणेच बेंबा, न्यांजा इत्यादी भाषांतही आहेत. ‘झॅमरॉक’ हे नाव रेडिओ निवेदक मनासे फिरी यांनी रूढ केले, असे सामान्यतः मानतात. १९८० च्या सुमारास ही शैली मागे पडली. तिच्या मोजक्या प्रतींत निघालेल्या तबकड्या संग्राहकांनी व लहान प्रकाशनसंस्थांनी २००० नंतर पुन्हा उजेडात आणल्या.

शैलीच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. उत्तर ऱ्होडेशिया २४ ऑक्टोबर १९६४ रोजी झांबिया या नावाने स्वतंत्र झाला. रेडिओवर वाजणाऱ्या संगीतापैकी ९५ टक्के झांबियन असावे, असा आदेश राष्ट्राध्यक्ष केनेथ कौंडा यांनी दिला आणि त्यातून झॅमरॉक जन्मला, ही मांडणी लोकप्रिय लेखनात वारंवार येते. ती अपुरी वाटते. हा आदेश बहुधा १९७० च्या दशकाच्या मध्याकडचा मानला जातो. ‘विच’ या वाद्यवृंदाचा पहिला संग्रह त्याआधीचा आहे. किट्वे, एन्डोला, चिंगोला या तांब्याच्या खाणींच्या नगरांत पगारदार तरुण श्रोते होते, क्लब होते आणि खाणींतील ब्रिटिश कर्मचाऱ्यांबरोबर आलेल्या तबकड्याही होत्या. हेंड्रिक्स, रोलिंग स्टोन्स, जेम्स ब्राउन यांची गाणी हुबेहूब वाजवणारी मुले तिथे आधीपासूनच तयार होत होती. आदेशाने त्यांच्या स्वतःच्या रचनांना रेडिओची दारे उघडून दिली, एवढे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

पहिल्या संग्रहाचा वादही असाच आहे. विचचा ‘इंट्रोडक्शन’ हा व्यापारी रीतीने निघालेला पहिला झांबियन दीर्घवादी संग्रह (एलपी, म्हणजे अनेक गाण्यांची मोठी तबकडी) मानतात. त्याचे वर्ष बहुतेक ठिकाणी १९७२, तर काही याद्यांत १९७३ दिलेले आढळते. रिकी इलिलोंगा यांच्या ‘मुसी-ओ-तुन्या’ वाद्यवृंदाला आद्य मानणारेही आहेत. या मंडळींनी केनियातील नैरोबीत ध्वनिमुद्रण केले. मात्र त्यांचा ‘विंग्ज ऑफ आफ्रिका’ १९७५ चा आहे. दीर्घवादी तबकडी हा निकष लावला, तर विचचा मान कायम राहतो. विचचा गायक इमॅन्युएल चांडा ‘जागारी’ या नावाने ओळखला जातो. रोलिंग स्टोन्सचा गायक मिक जॅगर याच्यावरून पडलेले हे नाव पुढे त्याचेच होऊन गेले.

अमानाझ या वाद्यवृंदाचा ‘आफ्रिका’ (१९७५) हा संग्रह पाठचिकित्सेच्या, म्हणजे एकाच कृतीच्या निरनिराळ्या प्रती ताडून पाहण्याच्या, दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. त्याची दोन मिश्रणे (मिक्स, म्हणजे वाद्ये व आवाज यांची वेगवेगळी जुळणी) त्या काळीच तबकडीवर उतरली. एकात आवाज कोरडा व जवळचा आहे, तर दुसऱ्यावर रिव्हर्बचा, म्हणजे कृत्रिम घुमाऱ्याचा, दाट थर चढवलेला असल्याने गायन व गिटार दुरून, घुमत येतात. दोन्ही समकालीन असल्याने एकाला मूळ व दुसऱ्याला बिघडलेली प्रत म्हणता येत नाही. दोन्ही एकत्र देण्याचा पुनर्प्रकाशकांचा निर्णय म्हणूनच योग्य आहे. तरीही ढोल व बास यांची गुंफण नीट ऐकायची असेल, तर कोरडे मिश्रणच लावावे.

तांब्याचे भाव १९७० च्या दशकाच्या मध्यात कोसळले आणि या संगीताचा आर्थिक पाया खचला. शेजारच्या युद्धांची झळ, संचारबंदी, चोरट्या कॅसेट आणि डिस्कोची लाट यांनी उरलेसुरले संपवले. पुढे एड्सच्या साथीत या पिढीतील अनेक वादक गेले. विचच्या गाजलेल्या संचातील जागारी तेवढा उरला. तो शिक्षक झाला आणि नंतर रत्नांच्या खाणकामात शिरला. ‘एन्गोझी फॅमिली’ या झॅमरॉक वाद्यवृंदाचे पॉल एन्गोझी १९८९ मध्ये वारले.

पुनर्शोधात जर्मनीतील शॅडोक्स आणि लॉस एंजेलिसची नाऊ-अगेन या संस्थांचा वाटा मोठा आहे. नाऊ-अगेनचे इओथेन अलापट यांनी हयात कलावंतांना गाठून परवाने मिळवले आणि २०१२ मध्ये विचचा समग्र संच काढला; ‘वेलकम टू झॅमरॉक’ हे दोन खंड २०१७ चे.

पुनर्प्रकाशनासाठी मूळ ध्वनिमुद्रणाची फीत हाती नसते तेव्हा जुनी तबकडीच आधार होते. एकाच संग्रहाच्या दोन-तीन प्रती मिळवून ज्या प्रतीची जी बाजू कमी झिजलेली, ती निवडतात. तबकडी धुऊन खाचेला साजेशी सुई लावतात. मधले भोक किंचित सरकलेले असेल, तर प्रत्येक फेऱ्याला सूर डुलतो; तोही दोष दुरुस्त करावा लागतो. खरी अडचण फझ गिटारची आहे. टिकटिक पुसणारी संगणकीय प्रणाली फझच्या टोकदार लहरींनाही ओरखडा समजते आणि कापून टाकते. त्यामुळे सफाई जास्त झाली, की वाद्याचा दातच निघून जातो. अशा ध्वनिमुद्रणात थोडी खरखर राहू देणे हेच प्रामाणिक संपादन होय.

जागारीने नव्या साथीदारांसह विचचे कार्यक्रम पुन्हा सुरू केले. विचचा ‘झांगो’ हा संग्रह २०२३ मध्ये आला. एन्गोझी फॅमिलीच्या ‘निझाकुपांगा एन्गोझी’ या गाण्याचा तुकडा अमेरिकन रॅपर टायलर, द क्रिएटर याने २०२४ मध्ये ‘नॉइड’ या गाण्यात वापरला. आजचा अभ्यास मुख्यतः दीर्घवादी तबकड्यांवर उभा आहे. क्लबांतील तासन्‌तास चालणाऱ्या वादनाचा अंदाज त्यांवरून पुरता येत नाही, आणि मिनिटाला ४५ फेऱ्या घेणाऱ्या, एकदोन गाण्यांच्या छोट्या तबकड्यांची सूची करण्याचे कामही तितक्याच निकडीचे आहे.